लाट नाकावर घ्यायची

"उठू नका, खाली बसा, लाट नाकावर घ्यायचीय." कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीजवळ वारं सुटलं आणि वल्हवणाऱ्या काकांनी होडीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, किनाऱ्याऐवजी वाऱ्याकडंच वळवलं, म्हणजे जायचं एकीकडं नि तोंड भलतीकडं. लाट आडवी घेतली की छोटी होडी कलंडते, आणि वल्ही थांबली की ती आपोआप आडवी होते म्हणे. आपण शिवसागरला तळं समजतो राव, पण पन्नासेक किलोमीटर पसरलेलं पाणी ते, वाऱ्याला लांब पट्टा मिळाला की लाटा उठणारच.

शेजारचा गडी लाईफजॅकेट बुडाखाली घेऊन रील काढत होता!

काकांचा मेव्हणा मालवणला मासेमारी करतो. "तिकडं यापेक्षा मोठी लाट, पण वारं बघून माणूस निघतच नाय."

इथं पैसे भरलेल्या गिऱ्हाईकाला 'आज नाय' कोण म्हणणार?