मागच्या बाकाची पट्टी

परवा दुपारी खालच्या मोकळ्या जागेत पोरांची समूहगीताची तालीम चालली होती. शिकवणारी मुलगी उत्साही, गळाही गोड. पण तिनं गाणं धरलं ते स्वतःला सोयीच्या पट्टीत, म्हणजे तिच्या गळ्याला बसेल एवढ्या उंच सुरात. ध्रुवपद कसंबसं निभावलं. अंतरा आला तशी निम्मी पोरं गप्प झाली, दोघं-तिघं किंचाळली आणि एकानं चाल सोडून सरळ बोलायलाच सुरुवात केली. मी वर खिडकीत बसून म्हणालो, "अगं, पट्टी उतरव." तिला काय ऐकू जाणार! आणि तसं ते वाक्य माझं नव्हतंच, आईचं होतं.

आई सातवीपर्यंतच्या शाळेत शिक्षिका होती. विषय गणित आणि भूगोल. पण शाळेत संगीताचे मास्तर नसले की ज्या बाईंना पेटी, म्हणजे हार्मोनियम, येते त्यांच्या गळ्यात प्रार्थना, स्वागतगीत, स्नेहसंमेलन आणि निरोप समारंभ हे सगळं आपोआप पडतं. तसं ते तिच्याही पडलं आणि निवृत्तीपर्यंत कुणी उतरवून घेतलं नाही. शाळेत मीही तिला बाईच म्हणायचो. घरी आल्यावर पहिला तासभर तोंडातून बाईच निघायचं आणि तीही "हं, बोल" म्हणून ओ द्यायची.

गाणं सुरू करण्याची तिची एक रीत होती. पहिली ओळ ती आधी कधीच गुणगुणायची नाही. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर मनात शोधायची, मग मागच्या बाकावरच्या सगळ्यात अवघडलेल्या पोराकडे बघायची. तो सूर त्या पोराच्या गळ्यात बसेल असा धरायचा आणि तिथून उलटं खाली उतरत यायचं. जिथे पाय टेकेल तो षड्ज, म्हणजे गाण्याचा सा. गाणं सुरू कुठून होतं याला तिच्या लेखी महत्त्वच नव्हतं. राष्ट्रगीत 52 सेकंदांत व्हावं हे सगळ्यांना पाठ असतं, पण शेवटचा जयजयकार पायरी-पायरीनं वर चढतो हे सुरू करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. मग भले भले तिथे ओठ हलवत उभे राहतात. तिच्या शाळेत कुणाला ओठ हलवावे लागले नाहीत.

मैदानात पेटी न्यायची सोय नव्हती. तिथे रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. आईच्या मते तो रूळ काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात बोलायचा. शिपाईमामांनी टोला दिला की घुमारा विरायच्या आत ती प्रार्थना उचलायची. पुढे विजेची घंटा आली. तिच्यावर आईचा राग शेवटपर्यंत होता. "तिला सूरच नाही रे, नुसती चिडते."

सातवीत माझा आवाज फुटला. तोंड उघडलं की वर्ग हसायचा. दुसऱ्या कुणी अशा मुलांना मागे उभं करून टाळ्या वाजवायला लावलं असतं. आईनं आम्हा चार-पाच फुटक्यांना एकत्र केलं आणि सांगितलं, "तुम्ही खर्जात गा." आम्ही खालच्या सुरात घुमत राहिलो. संमेलनात पाहुण्यांनी नेमकं त्या घुमण्याचंच कौतुक केलं, तेव्हापासून आमच्या घोळक्याला भलताच भाव चढला.

पेटीवरून तिला कुणी हिणवलं तर ती हसायची. हिणवणारे मात्र थोडेथोडके नव्हते. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं 1842 मध्ये पेटंट घेतलेलं हे परदेशी वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला हाताचा भाता देऊन मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आणलं. आपल्याकडे संगीत नाटकानं ते घराघरात नेलं आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तर ते मैफलीत मानानं वाजवलं. पण 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार लावून घेतलं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती बसत नाहीत, ही तक्रार. रवींद्रनाथांनाही ती नकोच होती. ही बंदी सैल व्हायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. आई वाढली ती याच काळात. तिचे गुरुजी तंबोऱ्यावर शिकवायचे आणि पेटीचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. "खरंच आहे त्यांचं," आई म्हणायची. "पण चाळीस पोरांपुढे तंबोरा जुळवत बसले तर जुळेपर्यंत तास संपेल. पोरांना धरायला कठडा लागतो."

पाढेसुद्धा तिच्या वर्गात सुरात व्हायचे. ती स्वतः पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठी झालेली. एकोणतीसच्या पाढ्याला अर्धा वर्ग नुसता गुणगुणतो हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं, पण त्या गुणगुणीतून कुठल्या बाकाचे आकडे गळलेत हे तिला फळ्याकडे तोंड करून कळायचं. आम्हाला ती जादू वाटायची. आता वाटतं, तिच्या कानाला ती नुसती एक बेसूर जागा असणार.

राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं 1988 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी आमच्या ओसरीवर बायका पाटी घेऊन बसायच्या. बाराखडीला आईनं भूप रागाची चाल दिली होती. मध्यम नाही, निषाद नाही, पाचच सूर, त्यामुळे चुकायला जागा कमी. त्यातल्या एका मावशींनी बँकेत पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली ती चालीवर गात, एकेक अक्षर काढत. कॅशियर नोटा मोजायच्या थांबला म्हणे. हा किस्सा आई कुणालाही, कधीही सांगायची. त्या मावशी समोर असल्या तरी.

आई फार मोठी गायिका वगैरे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेतला तिचा आवाज जरा बसका, जाडसर. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा दुपारी मी झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून गाणं आलं आणि मला वाटलं, घरात कुणी पाहुण्या बाई आल्यात. फटीतून पाहिलं तर आईच. काळी चारमध्ये, शाळेतल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीत, भीमपलास राग गात होती. आवाज सरळ तार षड्जावर, वरच्या सा वर, जाऊन उभा राहत होता, कुठे धाप नाही, कुठे ओढाताण नाही. ती मध्यमा परीक्षेपर्यंत शिकली होती हे माहीत होतं, पण म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. जूनमध्ये शाळा उघडली आणि बाई पुन्हा खाली उतरल्या. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलांनी बाईंना गायला लावलं असतं आणि तिनं ते मुलांना झेपेल अशाच पट्टीत गायलं असतं.

नव्वदी ओलांडेपर्यंत ती जगली. कान आधी गेले. यंत्र लावलं, पण ती यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली, गाणं त्यातून भेसूर ऐकू यायचं. म्हणून रेडिओ लावला की ती यंत्र काढून ठेवायची. आम्ही चिडायचो. "निम्मं ऐकू येतं, पण सुरात येतं," हे तिचं उत्तर.

गळाही उतरत गेला. बायकांचा वयाबरोबर उतरतोच, पुरुषांचा म्हणे म्हातारपणी थोडा वर चढतो. काळी चारची पांढरी चार झाली, मग काळी दोन. दर वेळी ती पेटीवर बोट एकेक पट्टी डावीकडे सरकवायची आणि विशेष काही घडलं नाही असं दाखवायची. अगदी शेवटी एका संध्याकाळी काळी एकवर बोट थांबलं. दोन ओळी गायली आणि म्हणाली, "ही तर तुझ्या बाबांची पट्टी."

बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांनाही गाण्याची आवड, भजनाला बसायचे. पण दोघांनी एकत्र गायलेलं मला आठवत नाही. तिची चार, त्यांची एक, आणि मधल्या पट्टीत कुणीच यायला तयार नाही. अख्ख्या शाळेसाठी, ओसरीवरच्या बायकांसाठी, आम्हा फुटक्या आवाजाच्या पोरांसाठी मुकाट्यानं खाली येणारी ही बाई नवऱ्यासाठी अर्धा सूरही उतरली नाही. त्यांनीही कधी तसं म्हटलं नाही. यात भांडण होतं, की दोघांमधला काही समजूतदारपणा, की नुसताच हट्ट, हे त्या दोघांनाच माहीत.