कवडीबाजार नोंद: मिनिटं सोडली, राउंड धरले

आपल्या धरमपेठच्या गटाचा अंदाजांचा बाजार आता फक्त काउंटर-स्ट्राइक २ या दोन संघांच्या बंदूकबाजीच्या व्हिडिओ गेमवर चालतो. कोण जिंकणार हे सांगायला अख्खं जग बसलंय, आपण विचारतो एकच: मॅप (सामन्यातला एक डाव) किती राउंड चालेल? व्यवहार कवड्यांत, म्हणजे नुसत्या गुणांत, तोही शीटवर. पैशाचा संबंध नाही. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहेच, पण त्याआधीही आपल्याला त्यात रस नव्हता.

गेम किती मिनिटं चालेल याचा बाजार बंद केला तो लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या व्हिडिओ गेममुळे. तिथं घड्याळाला तळच नाही. २०१८ साली कोरियन लीगमध्ये एसकेटी आणि जिन एअर या संघांचा एक गेम ९४ मिनिटं चालला होता. असा एक आला की सरासरीचा पार चुथडा होतो. वर तांत्रिक अडचणीनं खेळ थांबला तो वेळ धरायचा की नाही, यावर तर्री-पोहे गार होईस्तोवर वाद. राउंडात ती भानगड नाही: १३ आधी जिंकणारा जिंकला, १२-१२ झाले की ओव्हरटाइम.

सध्या चार खाने, म्हणजे राउंडांच्या संख्येचे चार गट आहेत; भाव म्हणजे त्या खान्याची शक्यता. दोन्ही संघ अगदी तोडीस तोड आणि प्रत्येक राउंड म्हणजे नाणेफेक असं धरलं तर सुरुवातीचे भाव असे निघतात: १८ पर्यंत ९.६ टक्के, १९ ते २१ मध्ये २८.७, २२ ते २४ मध्ये ४५.६ आणि ओव्हरटाइम १६.१. एका संघाची राउंड जिंकायची शक्यता ६० टक्के धरली, की ओव्हरटाइम थेट दहाच्या खाली सरकतो. म्हणून "आज ओव्हरटाइम पक्का" म्हणणाऱ्यांना आधी विचारायचं, संघ खरंच बरोबरीचे आहेत काय बे?

पण राउंड म्हणजे नाणं नव्हे. नुसत्या पिस्तुलांवर खेळायचा सुरुवातीचा राउंड हरला की पुढच्या राउंडला धड बंदुका नसतात. हरलेल्या संघाला बंदुका घ्यायला मिळणारा गेममधल्या पैशाचा बोनस १४०० पासून ५००-५०० नं ३४०० पर्यंत चढतो, तोवर दोन-तीन राउंड सलग जाऊ शकतात. अशा माळा लागल्या की निकाल टोकांकडे पसरतो. म्हणून पहिला खाना मी गणितापेक्षा महाग ठेवतो.

मॅप एका बाजूला झुकलेला असला तर ८-४ चं पुढच्या हाफात बाजू बदलल्यावर ४-८ होऊन ओव्हरटाइम वाढेल, असं मला वाटायचं. सीटीला, म्हणजे बचाव करणाऱ्या बाजूला, ६० टक्के देऊन मोजलं. सोळाचे साडेसोळासुद्धा धड होत नाहीत. हा मुद्दा गटात फार मिरवला जातो, आता पुरे.

कुणी खरेदी केली की भाव अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांच्या लॉगरिदमिक सूत्रानं हलतो. त्यातला बी हा आकडा लहान ठेवला तर पहिल्याच गड्याच्या खरेदीनं भाव उडतो, मोठा ठेवला तर जागचा हलत नाही. चारही खाने सारख्या भावानं उघडले, तर बी १०० असताना बाजारवाल्याचं जास्तीत जास्त नुकसान १३९ कवड्या. वरच्या भावांनी उघडले आणि सामना १८ च्या आत आटोपला, तर २३४ पर्यंत. गडी मोजकेच असल्यानं बी ६० वर आणतोय, म्हणजे तो आकडा १४० च्या आसपास येईल.

रविवारी हेच भाव, फक्त पहिला खाना जरा महाग. व्हॅलोरंट या तशाच दुसऱ्या गेमचा खाना अजून उघडत नाही. तिथं ओव्हरटाइममध्ये दोनची आघाडी लागते, त्याची शीट वेगळी करावी लागेल.