ओढून शिवलेला काठ

शिवणाच्या क्लासमधल्या बाई पहिल्याच दिवशी दम देतात: कापड ओढायचं नाही. मशीनचे दाते आपल्या चालीनं कापड मागे नेतील, तुम्ही नुसतं वळण द्या. होजिअरीच्या कापडाला तर हा दम दुप्पट कडक, कारण ते जरा ताणलं की टीप घातल्यावर काठ फुगतो, वरखाली होतो आणि टीशर्टचा घेर बिघडतो. आणि मग एखाद्या दुपारी दोरीवर वाळणाऱ्या तान्ह्या बाळाच्या झबल्याकडे लक्ष जातं. काठ सगळाच्या सगळा ओढलेला. लाटाच लाटा, आणि दिसायला झकास.

पिकोवाल्याला हे दाखवावं. शिफॉनच्या साडीला पिको करताना काठाला एवढीशी लाट आली तरी गिऱ्हाईक साडी परत करतं, म्हणून त्याचा हात जन्मभर काठ सपाट ठेवण्यात तयार झालेला. त्याच्याच झिगझॅग मशीनवर, तशाच दाट टाक्यानं ही लाट हवी तेवढी निघते. पण ‘काका, जरा ओढून मारा’ म्हटलं तर ते आधी कापडाकडे बघतील, मग तुमच्याकडे.

तिकडे परदेशात याला लेट्यूस हेम म्हणतात, म्हणजे लेट्यूसच्या पानासारखा लाटदार काठ. तो गाजवला न्यू यॉर्कचे डिझायनर स्टीफन बरोज यांनी, 1970च्या दशकात. अंगासरशी पडणारी मऊ जर्सी, म्हणजे ताणणारं विणीचं कापड, आणि तिच्या कडांना डोळ्यांत भरेल अशा दोऱ्याचा झिगझॅग. टीप लपवायची असते हा शिवणातला जुना शिष्टाचार या गृहस्थांनी खुंटीला टांगला. 28 नोव्हेंबर 1973ला व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचा जो जंगी शो झाला, त्या अमेरिकन पाचांत बरोज होते. समोर सॅं लोराँ, कार्दाँ, जिव्हाँशी अशी मंडळी होती. आपल्याकडे मात्र हा काठ कुठल्याही राजवाड्यात न जाता थेट झबल्या-टोपऱ्यांवर आणि मुलींच्या पेटिकोटांवर येऊन बसला.

करायला सोपा आहे, पण सवयीच्या उलट आहे. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, 75/11 नंबरची. साध्या टोकदार सुईनं इतके दाट टाके घातले तर विणीचे फासे तुटतात आणि काठाला बारीक भोकं पडतात, ती दोन धुण्यांत मोठी होतात. झिगझॅगची रुंदी 3 ते 4 मिमी, टाक्याची लांबी 0.5च्या आसपास. काठ सेंटीमीटरभर उलट्या बाजूला दुमडायचा आणि टाका असा बसवायचा की सुई एकदा कापडात उतरेल आणि एकदा घडीच्या जेमतेम बाहेर. एक हात मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या पुढे, एक मागे. 10 सेंमी कापड ताणून 14-15 सेंमी होईल इतकं धरायचं आणि तसंच ताणलेलं मशीनखालून जाऊ द्यायचं. मागच्या हातानं खेचायचं नाही. दोन्ही हात मशीनच्या वेगानंच सरकले पाहिजेत, नाहीतर सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. शिवून झालं की मागचं उरलेलं कापड बारीक कात्रीनं टाक्याला लागून कापायचं. इथे घाई केली तर कात्री झिगझॅगलाच लागते, आणि तिथून काठ उसवायला लागतो.

दोरा मात्र भरपूर खातो. 3 मिमी रुंद आणि इतका दाट टाका म्हणजे एक मीटर ताणलेल्या काठाला नुसता वरचाच दोरा सहा मीटरच्या वर. बॉबिन गच्च भरून बसावं. मध्येच संपली तर जोड कितीही जपून घातला तरी त्या जागची लाट मुकी राहते.

ओव्हरलॉक, म्हणजे कडा कापत-शिवत जाणारं मशीन, असेल तर काम झटपट होतं. रोल हेमच्या, म्हणजे कड गुंडाळून शिवण्याच्या, सेटिंगवर डावी सुई काढून तीन दोऱ्यांवर चालवायचं, टाका 1 ते 1.5 मिमी, आणि डिफरेन्शिअल फीड (पुढच्या-मागच्या दात्यांच्या चालीचं प्रमाण) 1च्या खाली, 0.6 किंवा 0.7वर. मग पुढचे दाते कमी कापड देतात, मागचे जास्त ओढतात, आणि ताणायचं काम मशीनच करतं. वरच्या लूपरला (कडेवरून दोरा फिरवणाऱ्या आकड्याला) फुगीर नायलॉनचा दोरा घातला की काठ छान भरून येतो. हे सगळं खरं, पण हाताच्या ताणाला जो थोडा अनियमितपणा असतो तो मला जास्त आवडतो. मशीनच्या लाटा शाळेच्या कवायतीसारख्या उभ्या राहतात.

लाट आलीच नाही, तर पहिला संशय कापडाच्या दिशेवर घ्यावा. होजिअरी आडवी जास्त ताणते, उभी कमी. घेराला, बाहीला काठ आडवा येतो म्हणून जमतं. पुढून उघड्या जाकिटाच्या उभ्या कडेला तेच करायला गेलात तर अर्धा जीव काढूनही किरकोळ सुरकुती पडते. दुसरा संशय टाक्यावर: विरळ असेल तर कापड परत आकसतं आणि दोरा ते अडवू शकत नाही. अशा वेळी त्याच टाक्यावर, पुन्हा ताणून, दुसरी फेरी मारावी. रिब आणि लायक्रा मिसळलेली जर्सी उत्तम. जाड स्वेटशर्टच्या कापडावर वेळ घालवू नये, तिथे लाट न येता नुसती फुगवटी येते. बाही अरुंद असेल तर बगल जोडण्याआधी, सपाट असतानाच काठ करून घ्यावा, कारण बारीक नळी ताणायला जागाच नसते. आणि इस्त्री काठावर फिरवायची नाही. विशेषतः वाफेची.

या लाटेमागचं गणित मजेशीर आहे. काठ लांब झाला, त्याच्या आतलं कापड होतं तेवढंच राहिलं. जास्तीची लांबी सपाटीत मावत नाही, म्हणून ती वर-खाली जाते. प्लास्टिकची पातळ पिशवी हळूहळू फाडली की फाटलेल्या कडेला अशाच लाटा उठतात, मोठ्या लाटेवर छोटी, तिच्यावर आणखी छोटी, कारण फाटताना कडेचं प्लास्टिक ताणलं जाऊन कायमचं लांब होतं. लेट्यूसच्या पानाची कड आतल्या भागापेक्षा जास्त वाढते, तिथेही तेच.

टिकण्याचं म्हणाल, तर दुकानात घेताना काठ दोन्ही हातांनी ताणून बघावा. दोरा ‘कट’ करून तुटला तर परत ठेवावा. बरा निघाला तरी पिळून वाळत घालू नये. त्यातून पोरीचा फ्रॉक असेल तर वर्षभरात तोच आखूड होतो, काठाची एवढी काळजी कोण करतं.