मंडळाच्या चेंज रिपोर्टचा माझा अनुभव

ज्या गावकरी मंडळाच्या परिशिष्ट १ वर (म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, त्यात विश्वस्तांची नावं असतात) अजून वारलेल्या माणसांची नावं आहेत, त्यांच्या सचिवांनी हे जरूर वाचावं. आमच्या उताऱ्यावरचे बहुतेक विश्वस्त देवाघरी गेले होते. खात्यात पैसे होते, पण ते काढायला कायद्याने चालेल अशी सही नव्हती. ही नावं बदलून घेण्यासाठी द्यायचा तो चेंज रिपोर्ट.

आमचं मंडळ कोकणात गावोगाव असतं तसंच आहे, एक शाखा गावात आणि एक मुंबईत. लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या माणसांनी गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहून, पगारातून वर्गणी काढून ते उभं केलं. १९८२ च्या संपानंतर त्यातले बरेच जण गावी परतले, तरी वर्गणी थांबली नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला नेणारी गाडी, दहावीच्या मुलांच्या वह्या-पुस्तकं, कुणाकडे मयत झाली तर लाकडांपासून सगळी सोय, हे मंडळ बघतं. याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच पुढचा सगळा प्रकार मला अजून सलतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात मंडळाच्या सभागृहाचे पत्रे उडाले. तालुक्यातल्या एका लायन्स क्लबने निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली. या क्लबबरोबर आम्ही मोतीबिंदूची शिबिरं घेत आलोय. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम या मंडळींनी आपलं मानलंय. शिबिरात डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय त्यांची. सभागृह, पेज आणि वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्या माणसांना आणणं-पोचवणं आमचं. त्यांनी मागितलं ते रास्तच होतं: ऑडिट, पॅन आणि परिशिष्ट १ चा ताजा उतारा. पहिली दोन कागदपत्रं तयार होती.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. नुसतं कळवून भागत नाही. चौकशी होते, हरकती मागवतात, शपथपत्रावर पुरावा द्यावा लागतो, मग आदेश होतो. आमच्या मंडळाने निवडणुका वेळच्या वेळी घेतल्या होत्या, सभेत हिशेबही वाचले जात होते. पण पूर्वीच्या एका सचिवांनी दाखल केलेला रिपोर्ट कधी निकालीच निघाला नव्हता, आणि त्यानंतरच्या समित्यांनी तो निघेल या भरवशावर पुढचे रिपोर्ट दिलेच नव्हते.

मी नवा रिपोर्ट घेऊन गेले, तेव्हा कारकून म्हणाले, "बाई, मधली टर्म मंजूर नाही, मग ही कशी घेणार? निवडणूक घेणारी समितीच रेकॉर्डवर नाही." म्हणजे आधी जुना रिपोर्ट निकाली काढायचा, मग मधले सगळे क्रमाने विलंब माफीच्या अर्जासह द्यायचे, आणि शेवटी आमचा. ठीक आहे, म्हटलं. जुनी फाईल द्या.

ती फाईल सापडेना.

"रेकॉर्ड रूमला असेल." नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला. पुढच्या खेपेला "शोध चालू आहे". त्याच्या पुढच्या खेपेला शोधणारे गृहस्थ रजेवर. मग साहेबांची बदली झाली आणि चार्ज दुसऱ्या जिल्ह्याच्या साहेबांकडे गेला. ते ठरावीक दिवशी येणार, त्या दिवशी दारावरच्या बोर्डावर आमचा नंबर असणार, आणि दुपारी कळणार की आज बोर्ड डिस्चार्ज, म्हणजे आजच्या सुनावण्या होणार नाहीत, पुढची तारीख घ्या. पहाटेची एसटी पकडून गेलेल्या माणसाने दुपारी हे ऐकायचं. तोवर इकडे दुसरा पावसाळा लागला. सभागृहावर ताडपत्री, आत वाचनालयाची कपाटं भिंतीपासून ओढून मधोमध घेतलेली, आणि डोळ्यांचं शिबिर बंद. आमच्या वाडीतल्या एका आजींना तोवर दारातली तुळससुद्धा दिसेनाशी झाली होती.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते आमच्या जुन्या खजिनदारांचं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, मुलाकडे नालासोपाऱ्याला असतात. मावळत्या विश्वस्तांपैकी साक्ष देण्यासारखे तेवढेच उरलेले. रात्रीच्या गाडीने आले, काठी टेकत जिना चढले, शपथपत्र हातात धरून बाकावर बसून राहिले. संध्याकाळी पुढची तारीख मिळाली. ते काही बोलले नाहीत. मीच बोलले, आणि बरंच मोठ्याने बोलले. त्या माणसाने गिरणीत रात्रपाळी करून मंडळाची पावतीपुस्तकं सांभाळली होती. त्याची साक्ष त्या दिवशी दहा मिनिटांत घेता आली असती.

शेवटी वकिलांच्या सल्ल्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. प्रश्न दोनच: अमुक क्रमांकाचा चेंज रिपोर्ट आज कोणत्या टप्प्यावर आहे आणि फाईल कुणाच्या ताब्यात आहे. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. फाईल सापडली, दुसऱ्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात बांधलेली. अडकलेल्यांनी "फाईल शोधून द्या" अशी विनंती करत बसू नये, ती कुणाच्या ताब्यात आहे हे लेखी विचारावं.

पुढचं सगळं भराभर झालं. खजिनदारांची साक्ष झाली, हरकत कुणाची आली नाही, रिपोर्ट एकामागून एक मंजूर झाले. त्यात आम्हाला तारलं ते इतिवृत्ताच्या जुन्या वहीने. पानांना कसर लागलेली, टाचण्या गंजलेल्या, पण प्रत्येक सभेखाली जांभळ्या शाईतल्या सह्या आणि त्यांच्या बाजूला अंगठे, प्रत्येक अंगठ्यापुढे कुणीतरी नीट नाव लिहिलेलं. अशी वही असेल तर तिची आजच झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ वही कुणालाही घरी नेऊ देऊ नका.

सभेची नोटीस सदस्यांना पोचल्याचा पुरावा मागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेली नोटीस आमच्या वकिलांनी पुरेशी मानली नाही. नोटीस बुकावर सह्या घ्या, मुंबईकरांना पोस्टाने पाठवा आणि पावत्या चिकटवून ठेवा. वारलेल्या विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले घरच्यांकडून आधीच मागून घ्या. मुंबईत गेलेल्यांचे दाखले महापालिकेकडून काढावे लागतात आणि त्यात वेळ जातो.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे निवडणूक होते गणपतीत नाहीतर शिमग्यात, कारण तेव्हाच चाकरमानी गावात असतात. गौरी-गणपती गेले की पुढच्या चार दिवसांत माणसं पांगतात, आणि मग एकेका सहीसाठी विरार ते पनवेल फिरावं लागतं. नव्या-जुन्या सगळ्या विश्वस्तांच्या सह्या, संमतीपत्रं, फोटो, आधारच्या प्रती विसर्जनाच्या आत घ्या. नोटरीला गावातच बोलवा, खर्च होऊ दे. रोटरी आणि लायन्समध्ये दरवर्षी १ जुलैला नवे पदाधिकारी सूत्रं घेतात, त्यामुळे सूत्रं द्यायची-घ्यायची त्यांना सवय असते. त्या क्लबच्या सचिवांनी मला त्यांची फाईल उघडून दाखवली. तशीच आता मंडळाची केली आहे.

आणि बँकेत जाताना आदेशाची प्रमाणित प्रत आणि दुरुस्त झालेला परिशिष्ट १ चा उतारा, दोन्ही न्या. आदेश झाला म्हणजे उताऱ्यावर नोंद झाली असं धरू नका, ती करून घ्यावी लागते. नुसत्या आदेशावर आमच्या खात्याच्या सह्या बदलल्या नाहीत.