वासोटा: बोटीच्या वेळेवर बेतलेला दिवस

मागच्या खेपेला सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर रविवारी गेलो होतो. बोटीसाठी कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीत ताटकळत साडेदहा वाजले आणि गडावर पोहोचल्यावर पाऊण तासात माघारी फिरावं लागलं. गडाच्या टोकाचा बाबू कडा बघायचा राहिलाच. म्हणून या डिसेंबरात बाबांना घेऊन मंगळवारी गेलो आणि आदल्या रात्री बामणोलीतच मुक्काम केला. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली जेमतेम ३५-४० किलोमीटर, एसटीही जाते. पण सकाळी साताऱ्याहून निघून पहिली बोट धरायची म्हटलं की सगळीच धावपळ होते.

वासोट्याचं जंगल कोयना अभयारण्यातलं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. त्यामुळे वनखात्याचा परवाना लागतो, गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि पावसाळ्यात वाट बंद असते. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवा. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दोघांनाच ते फार जड जातं. आम्ही रात्री जेवताना विचारपूस केली, तर पुण्याहून आलेले चौघं भेटले. भाडं वाटून घेतलं आणि सकाळी सगळे एकत्रच निघालो.

शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, तास-सव्वा तासाचा प्रवास आहे. पाण्यावर धुकं होतं, दोन्ही काठांना झाडी. नावाडी मध्येच हात करून म्हणाला, "आमचं जुनं गाव हितंच खाली हाय." बाबा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. कोयनेच्या धरणात अशी कितीतरी गावं गेली. बोट लागते ते मेट इंदवलीही उठून गेलेलंच गाव. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी, नाव तेवढं राहिलंय.

इथे वनखात्याचे लोक पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात आणि परतल्यावर पुन्हा मोजतात. मला हा नियम मनापासून आवडतो. आम्ही स्टीलच्या बाटल्या आणि डब्यात चपाती-भाजी नेली होती, चिक्की कागदात बांधली होती. आमच्याकडे मोजण्यासारखं काही निघालंच नाही, दोन मिनिटांत सुटलो.

थोडं चालल्यावर ओढा लागतो. काठावर मारुती आणि गणपती आहेत. बाटल्या इथे भरून घ्या, कारण पुढे थेट गडावरच्या टाक्यापर्यंत पाणी नाही. ओढा ओलांडला की चढ सुरू होतो आणि जंगल डोक्यावर मिटतं. जांभूळ, हिरडा, अंजनी, मधूनच जाडजूड वेली. ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी खाली येतं. चौघं पुढे गेले, आम्ही मुद्दाम मागे राहिलो. पंधरा मिनिटं न बोलता चाललो तेव्हा कुठे जंगल बोलायला लागलं: वर शेकरूची खसफस, ओढ्याच्या बाजूने कस्तूर पक्ष्याची शीळ. एका वळणावर गव्याचं ताजं शेण दिसलं. अशा वेळी थांबायचं, अंदाज घ्यायचा, गवा दिसलाच तर त्याला वाट द्यायची. गाणी लावत चढणाऱ्यांना यातलं काहीच मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर जाताना नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे जाणारी वाट फुटते. एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह टाळा. वेळ बोट ठरवते, पाय नाही. शेवटचा टप्पा उघडा आहे, कारवीतून जाणारा. तिथे ऊन लागतं, टोपी हवीच. चढाला साधारण दोन तास धरा. साठी ओलांडलेल्या बाबांना अडीच लागले, आणि सकाळी लवकर निघाल्यामुळे तेवढा वेळ हाताशी होता.

गडावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी ताई तेलीण झुंजली ती याच गडावरून. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला. पण मला ओढ होती बाबू कड्याची. दक्षिणेच्या टोकाला गेलात की समोर जुना वासोटा आणि मध्ये तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला, सरळ खाली तुटलेला कडा. खालून वारा अंगावर येतो. काठापासून चार हात मागेच बसा. आम्ही तिथेच डबा उघडला. तासभर कुणीच आलं नाही. चौघंही उत्तरेच्या माचीवरून कोकण बघत बसले होते.

दीडच्या सुमाराला उतरायला लागलो. उतारावर वाळक्या पाल्यावरून पाय घसरतो, त्यामुळे काठी आणि खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. बाबांच्या गुडघ्यांना काठीनेच तारलं. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. परतीची वेळ नावाड्याशी सकाळीच पक्की करा आणि त्याच्या अर्धा तास आधी काठावर हजर राहा. परतीच्या बोटीत वारा बोचरा असतो. सकाळी काढून पिशवीच्या तळाशी कोंबलेला स्वेटर उतरतानाच वर काढून ठेवा.