गोंडीतले गाणे

आज नांदेडला एम. ए.च्या वर्गात आदिवासी साहित्यातील प्रतिकार शिकवताना वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता घेतली. आपल्याच नावाने उभारलेल्या स्टेजवर ज्यांना कुणी बोलावले नाही आणि ज्यांचे दुःख वर उभे राहिलेले लोक त्यांनाच सांगत राहिले, त्यांची ही कविता. वाचून झाल्यावर किनवटकडचा एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, शाळेत गोंडीत बोललो म्हणून मला बाकावर उभं केलं होतं.” त्यानंतर बराच वेळ मला पुढचे पान उलटवले नाही.

निर्वसाहतीकरण, म्हणजे वसाहतवादाने मनावर आणि भाषेवर बसवलेली पकड झुगारणे, समजावताना मी आजवर केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांचे उदाहरण देत आलो. तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली, हे मी मोठ्या आदराने सांगतो. पण किनवट 1956 पर्यंत ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, तिथेच गोंड नेते कोमराम भीम यांनी जल, जंगल, जमिनीसाठी निजामाच्या राजवटीशी झुंज देत 1940 मध्ये प्राण दिले, ते नाव माझ्या टिपणांत नव्हते. मराठवाड्याच्या मुक्तीविषयी आपण इतके बोलतो, म्हणून ही उणीव मला फार लागली.

त्या मुलाला मी आजीचे एक गोंडी गाणे लिहून आणायला सांगितले आहे. वहीच्या मागच्या पानावर त्याने लगेच पेन्सिलीने पहिली ओळ लिहिली, खोडली आणि पुन्हा लिहिली.