राजाने वर्मावर ठेवलेले बोट

आठवीत असताना पावसाळ्यातल्या एका ऑफ तासाला इतिहासाच्या सरांनी आम्हाला येहुदा हालेवी या कवीची ओळख करून दिली, आणि शाळेचे माझ्यावरचे ऋण मी आजही त्या तासापासून मोजतो. वर्गात आम्ही तिघे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले, होतो. हिब्रू प्रार्थना घडाघडा म्हणत असू, पण कोणी अर्थ विचारला की आमची बोबडी वळे.

हालेवी मध्ययुगीन स्पेनमधला, पेशाने वैद्य. ख्रिस्ती आणि मुस्लिम सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या आपल्या समाजाची बाजू मांडण्यासाठी त्याने ११४० च्या सुमारास अरबी भाषेत ‘कुझारी’ हा संवादग्रंथ पूर्ण केला, आणि त्याच्या मूळ शीर्षकात स्वधर्माला ‘तिरस्कृत धर्म’ म्हटले. त्यात खझार या मध्ययुगीन तुर्की जमातीच्या राजाला स्वप्नात देवदूत सांगतो की तुझा हेतू देवाला रुचतो, आचरण रुचत नाही. तेव्हा राजा तत्त्वज्ञ, ख्रिस्ती, मुस्लिम आणि अखेर यहुदी पंडित अशा सर्वांना प्रश्न विचारतो. पंडित विश्वाच्या निर्मात्यापासून आरंभ न करता मिसर म्हणजे इजिप्त देशातून पूर्वजांना सोडवणाऱ्या देवाचे नाव घेतो, कारण तर्काने सिद्ध केलेल्या देवापेक्षा त्या सहा लाख पूर्वजांनी सीनाय पर्वतापाशी अनुभवलेला देव हालेवीला अधिक खात्रीचा वाटतो. हा युक्तिवाद मला तेव्हा पटला नाही. आजही पुरता पटत नाही.

सर मात्र रंगले ते निराळ्याच जागी. पंडित आपल्या लोकांच्या नम्रतेची थोरवी गातो, तेव्हा राजा म्हणतो की ही नम्रता तुम्ही आपखुशीने पत्करलेली नाही. हाती सत्ता आली तर तुम्हीही शत्रूला मारालच. त्यावर पंडित मान्य करतो की, राजा, तू आमच्या वर्मावर बोट ठेवलेस. पुढे, जेरुसलेमकडे तोंड करून वाकता तर तिकडे जात का नाही, असे राजाने विचारताच तो शरमून कबूल करतो की आमच्या प्रार्थना पाखरांच्या किलबिलीसारख्या झाल्या आहेत. ‘म्हणजे पोपटपंची,’ असे म्हणत सरांनी आमच्याकडे पाहिले आणि वर्ग हसला. मला राग आला होता. धर्माचे समर्थन करताना सर्वांत अवघड प्रश्न समोरच्याच्या तोंडी घालायला केवढी छाती लागते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

तास संपता संपता सरांनी हालेवीच्या एका कवितेचा आशय फळ्यावर लिहिला: हृदय पूर्वेला आणि मी पश्चिमेच्या टोकाला, मग अन्नाला चव कशी लागावी? जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा तो शोकदिन, ज्याला आमच्यात बिरड्याचा सण म्हणतात, तोंडावर आला होता. घरी आजी मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिला मी ती ओळ वाचून दाखवली. तिने मान वर न करता विचारले, “मग गेला का नाही तो?”

राजाचाच प्रश्न! दुसऱ्या दिवशी मी तो सरांपुढे ठेवला. ग्रंथाच्या शेवटी पंडित जेरुसलेमला निघतो, आणि हालेवीही उतारवयात घरदार सोडून ११४० साली अलेक्झांड्रियाला पोहोचला, ११४१ च्या मे महिन्यात तिथून पूर्वेकडच्या जहाजात चढला आणि त्याच वर्षी वारला, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी मी ते आजीच्या कानी घातले.

“गेला ना? मग ठीक,” ती म्हणाली, आणि वालांचे सूप तिने माझ्यापुढे सरकवले.